रेल्वे फाटक ओलांडताना: नागपूर आणि परिसरातल्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग नागपूर स्टेशनजवळ डायमंड क्रॉसिंगवर एकमेकांना छेदतात. त्यात कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जाणारे कोळशाचे रेक (म्हणजे अख्ख्या मालगाड्या) आणि वर्धा मार्गावर वाढणाऱ्या लाईनी. शहरात बहुतेक ठिकाणी पूल झाले, पण हद्द सोडून शेताकडे, सासुरवाडीला किंवा एमआयडीसीत निघालं की कुठे ना कुठे फाटक आडवं येतंच. तिथे आपण सगळे ‘गाडी अजून लांब आहे’ या अंदाजावर चालतो. हा अंदाज पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाड्या पाहून बसलेला आहे. खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून त्याच अंदाजापाशी येतात.

गाडीचा पत्ता नाही, मग फाटक इतकं आधी काहून बंद करतात?

गेटमनला सगळ्यात जास्त शिव्या याच कारणाने बसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फाटकं दोन प्रकारची असतात. पहिलं इंटरलॉक केलेलं. त्यात फाटकाचा दांडा पूर्ण खाली येऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. आधी फाटक, मग सिग्नल, मग गाडी, असा क्रम यंत्रानेच बांधून टाकलेला आहे. हा सिग्नल फाटकाच्या अलीकडे असतो आणि त्याच्याही बरंच अलीकडे त्याची आगाऊ सूचना देणारा आणखी एक सिग्नल असतो. वेगात येणाऱ्या लोको पायलटला (म्हणजे इंजिन चालवणाऱ्याला) तो लांबचा सिग्नल मोकळा दिसायला हवा, नाहीतर तो तिथूनच ब्रेक लावायला लागतो. त्यामुळे गाडी काही किलोमीटर लांब असतानाच फाटक बंद झालेलं असावं लागतं. तुम्हाला गाडी दिसत नाही यात नवल काहीच नाही.

दुसरं, इंटरलॉक नसलेलं. तिथे स्टेशन मास्तर फोन करून गाडी येत असल्याचं सांगतात, गेटमन फाटक लावतो आणि लावल्याची खात्री म्हणून एक खाजगी नंबर देतो. तो नंबर वहीत लिहिल्यावरच गाडी पुढे सोडायची. इथे सगळी भिस्त दोन माणसांच्या बोलण्यावर आहे, म्हणून गेटमन घाई करून लवकर लावतो आणि उशिरा उघडतो. त्याला दोष देऊ नका.

आणि एक गंमत अशी की फाटक उशिरा लागण्याला पुष्कळदा आपणच कारणीभूत असतो. दांडा खाली येत असताना एकामागून एक स्कूटर घुसत राहिल्या की दांडा मध्येच अडतो, सिग्नल लालच राहतो आणि पलीकडे गाडी शिट्ट्या मारत उभी राहते. मग ती गाडी जाईपर्यंत मागची दुसरी येते आणि सगळ्यांचीच पंधरा मिनिटं जातात.

समोर माणूस किंवा गाडी दिसली तर लोको पायलट ब्रेक का मारत नाही?

मारतो. पण ताशी १०० किलोमीटरच्या वर धावणारी गाडी आपत्कालीन ब्रेक लावूनही थांबायला साधारण एक किलोमीटर, कधी त्याहून जास्त घेते. नुसतं इंजिनच १२३ टन असतं. कोळशाने भरलेला ५८ वाघिणींचा रेक पाच हजार टनांच्या वर जातो. वळवून नेण्याचा प्रश्नच नाही, रूळ नेतील तिकडेच गाडी जाणार. लोको पायलटला तुम्ही दिसला असाल तर त्याच्या हातात बहुतेक वेळा हॉर्न वाजवणं आणि ब्रेक लावून वाट पाहणं एवढंच उरतं.

हॉर्न ऐकू आल्यावर निघायला किती वेळ मिळतो?

रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात ‘सी/फा’ लिहिलेलं पाहिलं असेल. सीटी आणि फाटक. ही पाटी फाटकापासून साधारण ६०० मीटरवर असते आणि तिथून लोको पायलटने हॉर्न द्यायचा असतो.

आता हिशेब करून बघा. नागपूर-दुर्ग मार्गावर ताशी १३० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ३६ मीटर कापते. ६०० मीटर संपायला तिला १७ सेकंद लागतात. सोयाबीनने भरलेली ट्रॉली ताशी ५ किलोमीटरने चालली तर सेकंदाला जेमतेम दीड मीटर सरकते. दोन्ही लाईनी ओलांडून ट्रॉलीचं शेपूट बाहेर निघायला २० मीटरच्या वर अंतर कापावं लागतं, म्हणजे १४-१५ सेकंद. हॉर्न ऐकून क्लच सोडला तर हातात उरतात दोन-तीन सेकंद, तेही इंजिनाने झटका दिला नाही तर. आणि ट्रॅक्टरवर बसलेल्याला स्वतःच्याच इंजिनाच्या आवाजात हॉर्न ऐकू येतो का, हा प्रश्न वेगळा. वर टेप लावलेला असेल तर विचारूच नका.

शिवाय डोळा फसवतो. मोठी वस्तू सरळ आपल्याकडे येत असली की ती आहे त्यापेक्षा हळू येत असल्यासारखी वाटते. इंजिनाचा दिवा बराच वेळ एकाच जागी थबकल्यासारखा दिसतो आणि मग एकदम अंगावर येतो.

एक गाडी निघून गेली, तरी फाटक उघडत नाही. गेटमन झोपला की काय?

दुसरी गाडी येत असते. नागपूरच्या आसपास हे नेहमीचं आहे, कारण इथे बहुतेक मार्गांवर दोन लाईनी आहेत आणि काही ठिकाणी तिसरी-चौथी पडली आहे किंवा पडते आहे.

धोका कुठे आहे बघा. समोरून कोळशाचा रेक चालला आहे. तो साधारण साडेसहाशे मीटर लांब असतो आणि संथ चालला तर मिनिटभर डोळ्यांसमोरून हटत नाही. (बिलासपूरच्या झोनने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘सुपर वासुकी’ नावाची २९५ वाघिणींची, साडेतीन किलोमीटर लांब मालगाडी चालवली होती. तिच्यासाठी फाटकावर थांबलेल्यांची मी कल्पनाच करू शकतो.) रेकचा शेवटचा डबा गेला रे गेला की दांड्याखालून वाकून निघायची सवय असलेले लोक पाऊल टाकतात. त्या रेकच्या आडोशाने पलीकडच्या लाईनीवर सुपरफास्ट येत असते. ती दिसलेली नसते, आणि तिचा हॉर्न मालगाडीच्या खडखडाटात बुडून जातो.

फाटक बंद आहे तोवर गाडी येणार आहे असंच समजायचं. किती गेल्या हे मोजत बसू नका.

दांड्याखालून स्कूटर तिरपी करून काढली तर काय होतं? सगळेच काढतात.

रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंद फाटक स्वतःच्या हाताने उघडलं तर कलम १६० लागतं आणि तिथे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फाटक तोडलं तर पाच वर्षांपर्यंत.

कायदा बाजूला ठेवला तरी, स्कूटर तिरपी करून दांड्याखालून ओढताना तिचं हँडल अडकतं, साइड स्टँड खडीत रुततो, मागे बसलेल्या बाईंची ओढणी किंवा पदर गुंततो. आणि पलीकडच्या दांड्याखालूनही हीच कसरत पुन्हा करायची असते. मधल्या जागेत तुम्ही दोन दांड्यांच्या आत कोंडलेले असता.

ॲम्ब्युलन्स असेल, बाळंतीण असेल, तरीही गेटमन उघडणार नाही?

सिग्नल मोकळा झाला असेल तर त्याने ठरवलं तरी त्याला लगेच उघडता येत नाही, कुलूप यंत्रात अडकलेलं असतं. सिग्नल अजून दिलेला नसेल तर तो स्टेशन मास्तरांशी बोलून विचारू शकतो. म्हणून शांतपणे जाऊन सांगा. दहाजण मिळून केबिनवर चालून गेलात तर तो माणूस फोनवर नीट बोलूही शकणार नाही, आणि त्याला कामात अडथळा आणणं हाही वेगळा गुन्हा आहे.

खरा उपाय आधीचा आहे. गावातून दवाखान्यात जायचा पुलाचा रस्ता कोणता, पाच-सात किलोमीटरचा फेरा पडला तरी तो आधी ठरवून ठेवा आणि गाडीवाल्यालाही सांगून ठेवा.

फाटक उघडल्यावरचा घोळ: याला काही नियम आहे की नाही?

आहे, आणि तो मोडणं हा आपला आवडता उद्योग आहे.

चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. फाटक बंद होतं. पहिले चार-पाचजण डाव्या बाजूला नीट उभे राहतात. मग एक कार उजवीकडून पुढे येते, तिच्यामागे ऑटो, त्याच्यामागे ‘मी फक्त बाईकच आहे’ म्हणणारे वीसजण. पलीकडेही हेच चाललेलं असतं. गाडी जाते, दांडे वर होतात आणि दोन फौजा रुळांच्या बरोबर मधोमध समोरासमोर भिडतात. कोणालाच मागे सरकायला जागा नाही. ट्रकवाला हॉर्न दाबून धरतो. एखादा काका खाली उतरून हातवारे करत वाहतूक पोलीस होतो. आणि या सगळ्याच्या खाली चार रूळ आहेत, ज्यांच्यावरून पुढची गाडी येणार आहे.

अशा वेळी गेटमन फाटक पुन्हा लावू शकत नाही. लावायला गेला तर दांडा कोणाच्या तरी टपावर पडेल. फाटक इंटरलॉक असेल तर सिग्नल लाल राहतो आणि गाडी बाहेर थांबते. इंटरलॉक नसेल तर गेटमनला फोनवर ‘फाटक लागत नाही’ असं सांगावं लागतं, आणि तो फोन वेळेत होणं ही एकच गोष्ट मग त्या गर्दीच्या आणि अपघाताच्या मध्ये उभी असते.

तेव्हा आपल्या डाव्या बाजूलाच, रांगेत थांबायचं. समोरची गाडी रूळ ओलांडून पुढे सरकली आहे आणि पलीकडे आपल्या गाडीची पूर्ण लांबी मावेल एवढी मोकळी जागा दिसते आहे, तरच रुळांवर चाक घालायचं. ‘तो सरकेल तेव्हा मी सरकीन’ या हिशेबाने रुळांवर थांबायचं नाही. मागचा कितीही हॉर्न वाजवो, त्याला वाजवू द्या.

रुळांवरच गाडी बंद पडली तर?

आधी माणसं बाहेर. सगळी. ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर ट्रॉलीतली बायका-पोरं पहिल्यांदा उतरवा. सामान, मोबाईल, चपला काही घ्यायला थांबू नका. एकदा-दोनदा स्टार्टर मारून बघितला तर ठीक, पण गाडीत लोक बसलेले असताना ढकलत बसायचं नाही.

उतरल्यावर रुळांपासून लांब पळा, आणि गाडी ज्या दिशेने येते आहे त्या दिशेला तिरपं पळा. ऐकायला उलटं वाटतं. पण धडक बसल्यावर ट्रॅक्टरचे तुकडे गाडीच्या पुढच्या बाजूला फेकले जातात. गाडी जिकडे चालली आहे तिकडे पळालात तर ते तुमच्याच मागे येतात.

मग गेटमनला सांगा. त्याच्याकडे लाल झेंडी, लाल दिवा आणि फटाके असतात. फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. रुळावर बांधायच्या चपट्या डब्या असतात, चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि लोको पायलट ब्रेक लावतो. ब्रॉडगेजवर (मोठ्या लाईनीवर) नियमाने ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावतात. एकटा गेटमन दोन्ही दिशांना धावू शकत नाही, तेव्हा दुसऱ्या दिशेला कोणी तरी जायला तयार असेल तर त्याला विचारा.

गेटमन नसेल किंवा तो लांब असेल तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन. आणि दोघातिघांनी दोन्ही दिशांना रुळांच्या कडेने (रुळांवरून नव्हे) पुढे जाऊन गाडी थांबवण्याचा इशारा द्यायचा. दिवसा लाल कापड हलवा, नसेल तर दोन्ही हात पंजे उघडे ठेवून डोक्याच्या वर धरा. रात्री कोणताही दिवा, अगदी मोबाईलची टॉर्चसुद्धा, जोरजोराने हलवा. जोरात हलणारा कुठलाही दिवा म्हणजे धोका, असंच लोको पायलट मानतो.

फोनवर जागा सांगताना ‘त्या चहाटपरीजवळचं फाटक’ असं सांगून चालणार नाही. प्रत्येक फाटकावर त्याचा नंबर रंगवलेला असतो. तो दिसला नाही तर रुळांच्या कडेला विजेच्या तारांचा जो खांब आहे त्याच्यावरची छोटी पाटी वाचा. तिच्यावर किलोमीटरचा आकडा आणि त्याखाली खांबाचा क्रमांक असतो. तो आकडा सांगितला की कंट्रोल रूमला तुम्ही नेमके कुठे आहात ते कळतं.

कापसाची किंवा कुटाराची गाडी उंच भरलेली असेल तर?

विजेच्या मार्गावरच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर एक आडवी चौकट असते. तिला हाईट गेज म्हणतात. उंची ४.६७ मीटर. माल त्या चौकटीला लागला तर तसंच पुढे जाऊ नका. वर २५,००० व्होल्टची तार आहे, आणि ती प्रत्यक्ष शिवायचीही गरज नसते. दोन मीटरच्या आत काहीही गेलं तरी वीज उडी मारू शकते.

हंगामात दिसणारी सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे भरलेल्या ट्रकच्या मालावर बसलेली माणसं. चौकटीखालून ट्रक निघतो, माणूस मान खाली घालतो, आणि पलीकडे निघालो म्हणून पुन्हा ताठ बसतो. तिथेच तार आहे. फाटकाच्या आधी सगळ्यांना खाली उतरवा. लांब बांबू, ओली दोरी, लग्नाच्या वरातीतले उंच झेंडे किंवा डीजेच्या गाडीवरचे लोखंडी सांगाडे, सगळ्यांना हेच लागू.

तार तुटून गाडीवर पडलीच तर आतच बसून रहा आणि कोणाला जवळ येऊ देऊ नका. वीज बंद केल्याचा निरोप मिळाल्यावरच उतरायचं. गाडीने पेट घेतला आणि उतरावंच लागलं तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारा आणि तसेच छोट्या उड्या मारत लांब जा.

बंडी आणि गुरं?

बैल बुजतो तो खडखडाटाने आणि रुळांतल्या फटीत खूर गेल्याने. खाली उतरून, कासरा धरून, हाताने ओलांडवा. कळप एकदम सोडू नका, थोडे थोडे न्या. गुरं रुळांमधल्या गवतावर चारायला सोडणं तर अजिबात नको.

बाईकचं किंवा सायकलचं चाक रुळात अडकतं ते कसं टाळायचं?

रूळ काटकोनात ओलांडा. रस्ता तिरपा असेल तर जरा वळून सरळ व्हा. पावसात ओलं लोखंड बर्फासारखं निसरडं होतं, तिथे ब्रेक लावू नका. गिअर रुळांच्या आधीच पहिला टाका आणि ओलांडेपर्यंत बदलू नका. शाळेच्या सायकलवाल्या पोरांनी उतरून हातात सायकल धरून जावं.

आपल्या भागात बिनफाटकाची क्रॉसिंग अजून आहेत का?

ब्रॉडगेज मार्गावरची सगळी बिनपहाऱ्याची क्रॉसिंग रेल्वेने जानेवारी २०१९ अखेर संपवली. कुठे गेटमन बसवला, कुठे खालून बोगदा काढला, कुठे रस्ताच बंद केला. या कामाची किंमत नागपूरकरांना वेगळी सांगायला नको. फेब्रुवारी २००५ मध्ये कन्हानजवळ अशाच एका क्रॉसिंगवर लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली गाडीखाली सापडली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. एका ट्रॉलीत एवढी माणसं होती, ही त्यातली दुसरी गोष्ट. तिच्यावर आजही कोणी फारसं बोलत नाही, आणि लग्नसराईत तशा ट्रॉल्या आजही दिसतात.

खाणी, कारखाने आणि वीज केंद्रांच्या सायडिंगवर (आत माल नेणाऱ्या बाजूच्या लाईनीवर) मात्र बिनपहाऱ्याची जागा भेटू शकते. तिथे गाडी कधी येईल याचं वेळापत्रक नसतं, आणि रेक मागून ढकलला जात असेल तर पुढे इंजिन नसतं, म्हणजे मोठा दिवाही नसतो आणि हॉर्नही मागून येतो. अशा ठिकाणी मोटार वाहन अधिनियमाचं कलम १३१ लागू आहे: गाडी थांबवायची, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजू बघायच्या आणि त्याने गाडी पार करवायची. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून बघायचं. बेफिकिरीने ओलांडलं तर रेल्वे अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद.

आमच्याकडे छोटी लाईन होती. तिला तर हात दाखवून थांबवायचो. आता एवढं काय बदललं?

सगळंच. सावनेर-छिंदवाडा मार्गाची मोठी लाईन झाली. उमरेड-भिवापूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद करून तिथेही मोठ्या लाईनीचं काम हाती घेतलं. छोटी गाडी आता मोतीबागेच्या संग्रहालयात बघायची. त्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांना गाडीचा डुलत डुलत येण्याचा वेग अंगवळणी पडला आहे. धूर दिसला की बंडी जुंपायची आणि निवांत पार व्हायचं. त्याच जागेवरून विजेवरची मोठी गाडी दुपटी-तिपटीच्या वेगाने जाते, धूर नाही, आवाजही बराच कमी. घरातल्या आजोबांना हे एकदा समजावून सांगा. त्यांना सांगायला कोणी येत नाही.

फाटक उघडं असेल तर बिनधास्त जायला हरकत नाही ना?

हरकत आहे. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेची व्हॅन फाटकावर गाडीखाली आली आणि तीन विद्यार्थी गेले. ते फाटक इंटरलॉक नव्हतं, म्हणजे दांडा वर असतानाही गाडी येऊ शकत होती. त्यानंतर रेल्वेने सगळ्या फाटकांवर सीसीटीव्ही लावण्याचा आणि कमी रहदारीची फाटकंही इंटरलॉक करण्याचा आदेश काढला.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. फाटकाचा सिग्नल लाल असला, त्याच्या खांबावर ‘जी’ अक्षराची पिवळी तबकडी असली, तर लोको पायलट दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबून, हॉर्न देत, अगदी सावकाश फाटकापर्यंत येऊ शकतो आणि गेटमनने हाताने इशारा दिला की पार होतो. म्हणजे फाटक बिघडलेलं असताना दांडा वर असूनही गाडी समोरून सरकत येऊ शकते.

वेग कमी करा, काच खाली करा, गाणं बंद करा, दोन्हीकडे बघा. पाच सेकंदांचं काम आहे.

स्कूल व्हॅनवाल्याला काय सांगायचं?

हेच, आणि कानात इअरफोन नको. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेची व्हॅन गाडीखाली आली, १३ मुलं गेली, आणि चालकाच्या कानात इअरफोन होता असं तेव्हा समोर आलं. तुमच्या मुलाची व्हॅन कोणत्या रस्त्याने जाते, वाटेत फाटक लागतं का, हे एकदा विचारा. पुलाचा रस्ता असेल तर पालकांनी मिळून तोच घ्यायला लावा. डिझेलचे चार पैसे जास्त लागतील, ते द्या.

डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात?

कन्हान-कामठीकडे नदीकाठी पहाटे पाच-दहा मीटरवरचं दिसत नाही. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. इंजिन बंद करून कानाने ऐका, मग निघा.

फाटक काढून खालून बोगदा केला, त्यात पावसाळ्यात पाणी भरतं. मग जुनं फाटकच बरं नव्हतं का?

तक्रार खरी आहे. नरेंद्रनगरच्या अंडरब्रिजखाली जोरदार पावसात काय होतं ते शहराला माहीत आहे, आणि खेड्यातले छोटे बोगदे तर त्याहून सखल. पण पाणी भरलं म्हणून बोगदा टाळून वरून, भरावावरून रूळ ओलांडणं हा त्याहून मोठा धोका आहे. तिथे फाटक नाही, गेटमन नाही, आणि लोको पायलटला तिथे कोणी असेल याची कल्पना नाही. पाण्यात गाडीही घालू नका. रस्त्याचा काठ दिसत नसेल तर परत फिरा.

आमच्या फाटकावर पूल कधी होणार?

फाटकाची रहदारी रेल्वे ‘टीव्हीयू’मध्ये मोजते: दिवसभरात जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. कार एक युनिट, बैलबंडीही एक, ऑटो अर्धं. हा आकडा एक लाखाच्या वर गेला की खर्च वाटून पूल बांधायला फाटक पात्र ठरतं, असा जुना ठोकताळा आहे. राष्ट्रीय महामार्गावरची फाटकं काढण्यासाठी २०१६ मध्ये ‘सेतू भारतम्’ योजना आली. राज्यात पुलांची बरीच कामं ‘महारेल’ ही राज्य सरकार आणि रेल्वेची संयुक्त कंपनी करते. आकडा जितका मोठा तितकी तुमची मागणी जड, म्हणून ग्रामपंचायतीने निवेदन देताना मोजणी पुन्हा करा असं लेखी मागावं. नुसत्या फलकबाजीने काही होत नाही.

पैसा आणि जागा असली की काय होऊ शकतं हे गड्डीगोदामला दिसतं. खाली कामठी रोड, वर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो.

मुलगा अमेरिकेत आहे. तो म्हणतो तिथे गेटमनच नसतो. मग आपल्याकडे का?

तिथली बरीच फाटकं आपोआप चालतात. गाडी ठरावीक अंतरावर आली की दिवे लुकलुकतात, घंटा वाजते, दांडा पडतो, आणि गाडी येईपर्यंत किमान २० सेकंद मिळतात. हॉर्नही ठरलेला: दोन लांब, एक आखूड, एक लांब. २० सेकंदांत लोक रांगेत थांबतील या भरवशावर ती व्यवस्था उभी आहे. आपल्या एखाद्या गजबजलेल्या फाटकावरची संध्याकाळ आठवा आणि २० सेकंदांत काय होईल ते ठरवा. मला तरी गेटमन बरा वाटतो.

फाटक तुटलं आहे, गेटमन जागेवर नाही, रस्ता उखडला आहे: सांगायचं कुणाला?

१३९ वर फोन करा, किंवा ‘रेलमदद’ ॲपवर फोटोसह तक्रार टाका. फाटकाचा नंबर, जवळचं स्टेशन आणि वेळ लिहा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा. लक्षात ठेवा की नागपुरात दोन झोनचे विभाग आहेत, मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. वर्धा आणि काटोलकडचं फाटक बहुतेक पहिल्याकडे, कामठी-भंडाऱ्याकडचं दुसऱ्याकडे. लेखी अर्ज चुकीच्या विभागीय व्यवस्थापकाच्या कार्यालयात गेला की तो तिथेच पडून राहतो, म्हणून अर्ज देण्याआधी फाटकावरच्या पाटीवर कोणत्या रेल्वेचं नाव आहे ते बघून घ्या.